मिस्त्रींचा उंदीर

१

मिस्त्री कुठल्याही नव्या घरात शिरले की आधी दार हलवून बघत. बिजागरी कुरकुरते का, चौकट ओळंब्यात सरळ उभी आहे का, कडी नीट बसते का, याची खात्री झाल्याशिवाय त्यांचा पाय आत पडत नसे. साखरपुडा असो नाहीतर मयत, हा माणूस आधी दार हलवणार. बायको म्हणायची, "स्वर्गाच्या दारातसुद्धा तुम्ही अर्धा तास बिजागऱ्या तपासाल, आणि मागे ही रांग लागेल."

चाळीस वर्षं सुतारकाम करून त्यांनी मागच्या वर्षी कारखाना जावयाच्या हाती दिला होता. घरी बसून माणूस किती स्टुलं दुरुस्त करणार? शेवटी लेकीनं दोघांना समुद्राकाठच्या या जुन्या गावाची तिकिटं काढून दिली. "बाबा, चार दिवस नुसतं बसा. हात मांडीवर ठेवून." मिस्त्रींनी मान डोलावली आणि पिशवीत टेप, पेन्सिल आणि एक लहान पटाशी टाकली.

आणि गाव बघतात तर सगळं लाकडाचं! टेकडीवरून समुद्रापर्यंत उतरणाऱ्या अरुंद गल्ल्या, दोन्ही बाजूंना दीड-दोनशे वर्षांची फळ्यांची घरं, कुणाला पांढरा रंग, कुणाला पिवळा, कुणाला फिकट निळा. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, अशी मिस्त्रींची गत झाली. बस थांब्यापासून घरापर्यंतच्या दहा मिनिटांच्या वाटेला त्यांना पाऊण तास लागला. बायको पुढे जाऊन थांबायची आणि म्हणायची, "चला आता. त्या दाराशी लग्न लावायचंय का?"

त्यांचं घर गल्लीतलं शेवटचं. त्याच्यापुढे कड्यावरून जाणारी पायवाट आणि खाली समुद्र. घरमालकीण पन्नाशीची, अंगानं बारीक, बोलायला मोकळी. "या काका, या काकू. खोली वर आहे. जिना जरा जुना आहे, कठडा धरून चढा."

बायको पुढे, बॅगा घेऊन मिस्त्री मागे. बायकोचा डावा गुडघा पाच वर्षांपासून दुखरा होता. त्यामुळे ती आधी उजवा पाय टाकायची, मग डावा त्याच पायरीवर आणून ठेवायची, मग पुढची पायरी. उजवा, डावा. उजवा, डावा. मिस्त्रींची नजर सवयीनं पायऱ्यांवर होती. लोक जिना मधून चढतात, म्हणून पायरी मधेच झिजते, एका जागी. ही पायरी मात्र कठड्याच्या बाजूला झिजली होती, आणि दोन जागी. शेजारी शेजारी दोन उथळ वाट्या. प्रत्येक पायरीवर.

बायकोचा उजवा पाय एका वाटीत पडत होता आणि डावा दुसरीत. एकदाही इकडेतिकडे नाही.

जिना हिच्याच मापाचा निघाला की, असं म्हणून मिस्त्री हसले आणि बॅगा घेऊन वर गेले.

२

सकाळी घरमालकीण चहा घेऊन आली. खोली छान होती. तिरकं छप्पर, लोखंडी पलंग, एक टेबल, दोन खुर्च्या आणि गल्ली व समुद्र दोन्ही दिसतील अशी मोठी खिडकी. खिडकी बंद होती.

"ही जरा हट्टी आहे बरं का," घरमालकीण ट्रे ठेवत म्हणाली. "हिला उघडायचं म्हणजे आधी…"

तोवर बायकोनं खिडकी उघडली होती. डावा तळवा खालच्या पट्टीला लावून तिनं झडप किंचित उचलली, अंगाकडे ओढली आणि मग खांद्यानं ढकलली. खारा वारा आत आला, पडदा फुगला.

"जमलं की तुम्हाला!" घरमालकीण म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर नवल होतं असं मिस्त्रींना वाटलं नाही. मोलकरणीनं भांडं जागेवर ठेवावं आणि आपण मान डोलवावी, तशी तिनं मान डोलावली आणि ती खाली गेली.

"तुला कसं कळलं?" मिस्त्रींनी विचारलं.

"काय?"

"उचलायचं, मग ओढायचं."

"हाताला कळलं. तुम्हीच म्हणता ना, हाताला कळतं म्हणून."

मिस्त्रींनी खिडकी लावून स्वतः उघडून पाहिली. तिसऱ्या खेपेला जमलं. बायको पोट धरून हसली. जन्मभर लोकांच्या खिडक्या केल्या आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा घामाघूम झाले, ही गोष्ट लेकीला फोनवर सांगायची असं तिनं ठरवूनच टाकलं.

मग कप हातात घेऊन ती खिडकीत वाकून उभी राहिली. कोपरं खिडकीच्या चौकटीवर टेकलेली, खांद्यावर लेकीनं विणलेली निळी शाल, नजर समुद्रावर. इतकी निवांत ती कितीतरी वर्षांत दिसली नव्हती. मिस्त्रींना बरं वाटलं, अगदी आतून बरं वाटलं.

ती आंघोळीला गेल्यावर ते खिडकीपाशी आले. चौकटीच्या खालच्या लाकडावर दोन गुळगुळीत खळगे होते. बोट फिरवलं तर तेल लावल्यासारखं घसरत होतं. मिस्त्रींनी आपली कोपरं त्यात ठेवून पाहिली. बसेनात. त्यांचे खांदे रुंद होते, खळगे जवळ जवळ होते.

मनात शंकेची पाल चुकचुकली. मिस्त्रींनी तिला झटकलं. जगात अरुंद खांद्यांच्या बायका काय कमी असतात?

३

त्या दिवशी ते कड्यावरच्या वाटेनं फिरायला गेले. वाट सोपी होती. मधे मधे ओल्या जागी फळ्या टाकलेल्या, वळणावर बाक, खाली काळे खडक आणि त्यांच्यावर फुटणारं पांढरं पाणी. बायको गुडघ्याचं नाव न काढता तिसऱ्या बाकापर्यंत चालली. घरी ती कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायचं म्हटलं तरी दोनदा बसत असे.

बाकावर बसून दोघांनी पाव आणि उकडलेली अंडी खाल्ली. वारा इतका खारा होता की मीठ टाकायची गरज नव्हती, असं बायको म्हणाली.

"आठवतं का हो," ती म्हणाली, "लग्न ठरलं तेव्हा तुम्ही मला काय सांगितलं होतं?"

मिस्त्रींना चांगलं आठवत होतं. विसरल्यासारखं दाखवावं असं त्यांच्या मनात आलं, पण चौतीस वर्षं संसार केलेल्या बायकोपुढे ताकास तूर लागू न देणं सोपं नसतं.

"समुद्राकाठी घर बांधून देईन, असं," ते म्हणाले.

"लाकडाचं."

"लाकडाचं."

"आणि बांधलंत कुठे? लाकडाच्या वखारीच्या मागे." तिच्या बोलण्यात रुसवा नव्हता. ती हसतच होती. "मी काही तक्रार करत नाही. पण कधी कधी दुपारी भांडी घासताना मी मनातल्या मनात त्या घरात जाऊन यायची. जिना चढायची, खिडकीत उभी राहायची. दहा मिनिटं. मग तुमची जेवणाची वेळ व्हायची."

"कधी बोलली नाहीस."

"त्यात बोलायचं काय? तुम्ही कामात." तिनं अंड्याची टरफलं कागदात नीट गुंडाळली. "इथं राहायला काय मजा येईल ना? मी तर सहज राहीन."

"आणि मी?"

"तुम्हीपण असालच की."

वाक्य साधं होतं. पण तिनं आधी 'मी' म्हटलं होतं, आणि त्यांना विचारावं लागलं होतं.

४

दुसऱ्या दुपारी जेवण झाल्यावर मिस्त्री खोलीत आडवे झाले होते. खिडकीतून ऊन आत आलं होतं, लाटांचा आवाज एका लयीत येत होता. त्यात जिना वाजायला लागला.

उजवा, डावा. उजवा, डावा. प्रत्येक पायरीचा आवाज वेगळा. चौथी बारीक कुरकुरते, पाचवी गप्प, सहावी हलकी टिचकी मारल्यासारखी. सातव्या पायरीवर पावलं थांबली. बायको तिथं थांबायची, श्वास घ्यायला. मग पुन्हा सुरू झाली. तेरावी. मग दाराबाहेर काही नाही.

"आलीस? ये ना, उघडंच आहे," मिस्त्री म्हणाले.

कुणी आलं नाही. त्यांनी उठून दार उघडलं. जिना रिकामा होता. ते खिडकीशी गेले आणि खाली पाहिलं. अंगणात बायको घरमालकिणीबरोबर चादरी वाळत घालत होती. तोंडात दोन चिमटे धरून काहीतरी सांगत होती आणि दोघी हसत होत्या.

मिस्त्री पलंगावर बसले. लाकूड श्वास घेतं, हे गिऱ्हाइकांना सांगून सांगून त्यांची जीभ झिजली होती. उन्हानं फुगतं, गारव्यानं आकसतं, मग वाजतं. घाबरायचं नसतं. पण लाकूड वाजतं ते कसंही, कुठंही. खालून वर ओळीनं, दोनदा दोनदा, आणि सातव्या पायरीवर दम खात वाजणारं लाकूड त्यांनी चाळीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी त्यांनी घरमालकिणीला सहज विचारल्यासारखं विचारलं, "वरच्या खोलीत आधी कोण राहायचं? कुणी गुडघ्याचं दुखणं असलेलं?"

"वर? वर कुणी ना कुणी असतंच, काका. ही खोली कधी रिकामी नसते."

"म्हणजे पाहुणे?"

"असंच काहीतरी म्हणा." ती वाटाणे सोलत होती. "काकूंना आवडलं ना घर?"

"फार."

"मग झालं."

मिस्त्रींनी मनाची समजूत घातली. म्हातारपणी निम्म्या जगाचे गुडघे दुखतात, आणि त्यातल्या निम्म्यांचा डावाच असणार. हिशेब चोख होता. तरी रात्री झोपताना त्यांनी बायकोचा हात धरला. लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर असं त्यांनी केलं नव्हतं. "थंडी वाजते का?" तिनं झोपेत विचारलं आणि शाल त्यांच्या अंगावर ओढली.

५

तिसऱ्या सकाळी बायकोचा पाय सातव्या पायरीवर अडखळला. कठडा हाती होता म्हणून निभावलं. मिस्त्री धावत आले. पायरीची फळी दोन्ही खळग्यांत इतकी पातळ झाली होती की मधून चीर गेली होती.

भीती वगैरे सगळी मागे राहिली. सुताराचे हात शिवशिवायला लागले. "ताई, ही पायरी मी आत्ता करून देतो," ते घरमालकिणीला म्हणाले.

"काका, तुम्ही पाहुणे."

"अहो, करू द्या त्यांना," बायको म्हणाली. "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. नाहीतर आज दिवसभर माझं डोकं खातील."

झिजलेल्या पायरीवर सुतारांचा एक जुना सोपा उपाय असतो. फळी काढायची, उलटी करायची आणि तीच परत बसवायची. वरची बाजू खाली जाते, खालची कोरी बाजू वर येते. फळीचं आयुष्य दुप्पट. मिस्त्रींनी पटाशीनं खिळे सैल केले, दोन्ही कडेच्या खाचांतून फळी हळूच बाहेर ओढली आणि उलटी केली.

खालची बाजूही झिजलेली होती. दोन वाट्या, शेजारी शेजारी.

म्हणजे फळी आधीच एकदा उलटलेली होती. मऊ लाकूड असलं तरी एका माणसाच्या पायांनी एक बाजू एवढी झिजायला तीस वर्षं जावी लागतात, चाळीससुद्धा. दोन बाजूंचे किती झाले, हे मनात मांडून मिस्त्रींनी ते तिथंच सोडून दिलं. हिच्या गुडघ्याला पाच वर्षं झाली होती आणि हिनं या गावात पाऊल ठेवून तीन दिवस.

"ही आता कामातून गेली," ते म्हणाले. "नवी करावी लागेल. लाकूड आहे?"

"आहे ना. मागच्या खोपटात एक फळी आहे. आईनं आणून ठेवलेली." घरमालकीण किल्ली शोधायला लागली. "म्हणायची, मिस्त्री येईल तेव्हा लागेल."

"कोण मिस्त्री?"

"ते काही तिनं सांगितलं नाही. पण तुम्ही आलात ना!"

६

आणि खरं सांगायचं तर तो दिवस मिस्त्रींच्या आयुष्यातल्या उत्तम दिवसांपैकी एक होता. खोपटात हत्यारं होती, गंजलेली पण घरंदाज. त्यांनी दगडावर रंध्याच्या पात्याला धार लावली. फळी सरळ धाग्याची, एकही गाठ नाही, कितीतरी वर्षं सावलीत सुकलेली. रंधा फिरला की लांबच लांब ढलप्या निघायच्या आणि वाऱ्यानं अंगणभर गडगडायच्या.

बायको पायऱ्यांवरच बसली होती, सातवी जिथं नव्हती तिच्या खाली, सहाव्या पायरीवर. मधून मधून ती चहा आणायची, मधून मधून काहीतरी गुणगुणायची. "पाय नीट बसेल असं करा हं," ती म्हणाली.

"सगळ्या जगाचे पाय बसतील असं करतो."

"जगाचं काय घेऊन बसलात? माझा बसला की झालं."

मिस्त्रींनी काटकोन बघायला गुण्या लावला, टोकं कापली, खाचेत घालून पाहिली. पहिल्याच खेपेला फळी इतकी घट्ट बसली की त्यांनाच कौतुक वाटलं. परत बाहेर काढली, कानावरची पेन्सिल घेतली आणि जो भाग खाचेच्या आत लपणार होता तिथं आपली खूण काढली.

ही खूण म्हणजे एक आडवी रेघ, शेवटी तिला वळसा आणि पुढच्या टोकाला एक टिंब. शिकाऊ कामगार त्याला मिस्त्रींचा उंदीर म्हणत. केलेल्या प्रत्येक कामावर, जिथं कुणाची नजर पोचणार नाही अशा जागी, मिस्त्री हा उंदीर काढत. कपाटाच्या पाठीला, दाराच्या वरच्या कडेला, पाळण्याच्या तळाला. गुरूनं शिकवलेलं नव्हतं, कुणाचं बघून उचललेलं नव्हतं. त्यांचं स्वतःचं होतं ते.

मग त्यांनी फळी बसवली आणि खिळे ठोकले. बायकोनं उठून सातव्या पायरीवर पाय ठेवला. उजवा, मग डावा. नव्या लाकडाचा भरीव, बुटका आवाज आला.

"वा," ती म्हणाली. "आता कसं घरात आल्यासारखं वाटतं."

७

निघायच्या दिवशी सकाळी बॅगा भरून झाल्या. बस एकची होती. बायको अंगणात उकिडवी बसून काहीतरी ओल्या फडक्यानं पुसत होती. मिस्त्री जवळ गेले. ती जुनी पायरी होती.

"ही मी घेऊन जाणार," ती म्हणाली. "ताईंना विचारलंय. किती सुंदर झिजलीय बघा. तुम्ही हिची मला कुंड्या ठेवायला फळी करून द्या."

"दोन्ही बाजूंनी कामातून गेलीय ती."

"माझ्यासारखीच की." तिनं फळीच्या टोकावरून फडकं फिरवलं. जो भाग खाचेत होता तिथं वर्षानुवर्षांची धूळ आणि खार साचून काळा थर झाला होता. थर निघाला. खालचं लाकूड पिवळट, कोरं होतं, आणि त्यावर पेन्सिलीची एक पुसट खूण होती.

एक आडवी रेघ. शेवटी वळसा. पुढे टिंब.

बायकोनं फळी उलटली आणि दुसऱ्या बाजूचं टोक पुसलं. तिथंही तीच खूण होती.

"अहो!" ती हसली. "हा तुमचा उंदीर! हिच्यावरपण काढलात? टाकाऊ लाकूड तरी सोडायचं!"

मिस्त्रींच्या कानात लाटांचा आवाज मोठा झाला. या टोकांना त्यांची पेन्सिल लागलेली नव्हती. दोन्ही खुणा काळ्या थराखाली होत्या. आणि हात त्यांचाच होता. वळसा काढताना त्यांची पेन्सिल नेहमी जराशी उचलली जायची, तिथं बारीक तुटक व्हायची. दोन्ही उंदरांची शेपटी तिथंच तुटली होती.

म्हणजे कुणीतरी ही फळी केली होती, पुढे कधीतरी उलटली होती, दोन्ही वेळा आपली खूण काढली होती आणि निघून गेलं होतं. जिन्यावर त्याच्या पायाची एकही खूण नव्हती. मागे राहिली होती ती दुसरीच कुणी, दोन्ही पाय एकाच पायरीवर टेकवत चढणारी.

"हो," ते म्हणाले. "मीच काढला. काल. गंमत म्हणून."

चौतीस वर्षांत बायकोशी ते खोटं बोलले नव्हते असं नाही, पण इतकं मोठं कधी बोलले नव्हते.

ती नवी पायरी उपटून काढावी, असं त्यांच्या डोक्यात आलं. पंधरा मिनिटांचं काम. पटाशी हाताशी होती. ते जिन्यापाशी गेलेसुद्धा. मग मागून बायको आली, कठडा धरून चढली, सातव्या पायरीवर थांबली आणि तिथून वळून त्यांच्याकडे बघून हसली. ही पायरी काढली तर वर राहिलेलं सामान आणायला ती खड्ड्यावरून कशी जाईल? मिस्त्रींनी पटाशी पिशवीत ठेवली.

"तू येतेयस ना घरी?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे काय? नाहीतर तुमचा चहा कोण करणार?" ती म्हणाली, आणि शाल आणायला वर गेली.

८

शाल घेऊन ती खाली आली. मिस्त्रींनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. तेरा पायऱ्या ती उतरली, त्यांच्या हातात हात दिला, अंगणात आली. घरमालकिणीनं दोघांना निरोप दिला. "या पुन्हा," असं ती म्हणाली नाही. "सांभाळून जा, काका," इतकंच म्हणाली.

फाटकापाशी मिस्त्री क्षणभर थांबले. बायको शेजारी होती, काखेत ती जुनी फळी, ओठांवर गुणगुण. घरमालकीण अंगणातच चादरी काढत होती. घरात कुणी नव्हतं, आणि घरात जिना वाजत होता. उजवा, डावा. उजवा, डावा. चौथी कुरकुरली, पाचवी गप्प, सहावीची टिचकी. मग नव्या लाकडाचा भरीव, बुटका आवाज, दोनदा. मग विसावा.

"चला ना," बायको म्हणाली. "कुठलं दार राहिलं बघायचं?"

ते चालायला लागले. मागे बघायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. पण गल्लीच्या वळणावर वरून लाकूड घासल्याचा आवाज आला आणि मान आपोआप वळली.

वरच्या खोलीची खिडकी उघडत होती. आधी किंचित वर उचलली गेली, मग आत ओढली गेली, मग एका खांद्यानं ढकलली गेली. आत सावली होती. दोन कोपरं चौकटीवर येऊन टेकली, जवळ जवळ, आणि निळ्या लोकरीचं एक टोक बाहेर वाऱ्यावर हललं.

मिस्त्रींनी शेजारी पाहिलं. बायकोच्या खांद्यावर शाल होती. त्यांनी ती दोन बोटांत धरून पाहिली. लोकर खरखरीत होती, नेहमीसारखी.

"थंडी वाजते का?" तिनं विचारलं.

"नाही," ते म्हणाले. "चल."

९

घरी येऊन दीड महिना झाला. सगळं छान आहे. बायकोचा गुडघा पुष्कळ बरा आहे. जुन्या पायरीची फळी झाली, तिच्यावर चार कुंड्या आल्या. लेक म्हणते, आई दहा वर्षांनी तरुण दिसायला लागली. ती चहा करते, भांडता भांडता हसते, दुपारी तासभर झोपते. मिस्त्रींना आणखी काय हवं?

फक्त एक गोष्ट त्यांनी पाहिली, आणि ती पाहायला नको होती. स्वयंपाकघराचा उंबरठा. घर बांधलं तेव्हा त्यांनीच कठीण लाकडातून तो घडवला होता. इतकी वर्षं दोघांची ये-जा त्याच्यावरून झाली, आणि हिची तर त्यांच्या शंभरपट. पण दिव्याखाली अंधार म्हणतात तसं, गावभरची लाकडं तपासणाऱ्या माणसानं घरचा उंबरठा कधी निरखला नव्हता. आल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांनी गुडघे टेकून निरखला.

उजव्या कडेला एक खळगा होता, त्यांच्या पायाचा. बाकीचा उंबरठा सपाट होता. डावीकडे, जिथून ती ये-जा करायची, तिथं चौतीस वर्षांपूर्वीच्या रंध्याच्या बारीक रेघा अजून बोटाला लागत होत्या.

लाकूड खोटं बोलत नाही, हे मिस्त्री जन्मभर सांगत आले होते. आता रोज दुपारी ती झोपली की ते पॉलिशपेपरचा तुकडा घेऊन उंबरठ्याशी बसतात आणि डावी कड घासतात. हळूहळू, गोल गोल, पावलाच्या मापानं. भुसा पडतो, ते तो गोळा करतात, तळवा फिरवून बघतात. रोज वाटतं की जरासा खळगा पडला. दुसऱ्या दिवशी हात लावला की रेघा तशाच असतात.

काल ती लवकर उठली. मिस्त्रींना पेपर लपवायला वेळ मिळाला नाही. ती दारात उभी राहून थोडा वेळ त्यांच्याकडे बघत होती. आधी उजवा, मग डावा पाय टाकत ती आत आली आणि जाता जाता तिनं त्यांच्या डोक्यावरचा भुसा झटकला.

"राहू द्या आता, उरलेलं उद्या करा," ती म्हणाली. "मी काही कुठे पळून जात नाही."

मिस्त्रींनी बरं म्हटलं. ती चहाचं आधण ठेवायला गेली, आणि ते आणखी थोडा वेळ घासत राहिले.